‘गुडघ्याचं कारण सांगून टाळू का?’

प्रश्न : आम्ही दोघं नोव्हेंबरात मुलाकडे तोक्योला चाललो आहोत. मुलगा आणि सून दोघंही तिकडेच नोकरीला आहेत, निशी-कासाई भागात राहतात. त्यांनी मोठ्या हौसेनं हाकोनेला एका रात्रीसाठी जुन्या जपानी पद्धतीच्या निवासात, रियोकानमध्ये, चौघांचं बुकिंग केलं आहे. तिथे गरम पाण्याच्या झऱ्याची स्नानगृहं असतात आणि अंगावर एकही कपडा न ठेवता सगळ्यांनी एकत्र उतरायचं असतं म्हणे. बायकांचं वेगळं असतं असं मुलानं सांगितलं. पण म्हणजे मी आणि सून एकाच हौदात! विचारानंच अंगावर काटा येतो. माझं वय ५९. जमिनीवर बसवत नाही. ह्यांना बीपीची गोळी चालू आहे. आम्ही दोघं शाकाहारी, अंडंही खात नाही. माझ्या हातावर लहानपणीचं गोंदण आहे, आणि तिकडे गोंदण असलं की आत घेत नाहीत असंही कुणीतरी सांगितलं. मुलानं पैसे भरलेत, त्याचा हिरमोड करवत नाही. गुडघे दुखतात असं सांगून आम्ही दोघं तोक्योतच थांबलो तर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर :

ताई, तोक्योत थांबू नका. गुडघ्याचं कारणही सांगू नका. गुडघे दुखत असतील हे खरं, पण तुमचं पत्र त्यासाठी आलेलं नाही. गुडघ्यांची सोय होते, जेवणाची होते, बीपीचीही काळजी घेता येते. तुमचं अडतंय ते सुनेसमोर कपडे उतरवण्यापाशी. जन्मभर घरात पदर सावरून वावरलेल्या बाईला असं वाटणारच, त्यात कमीपणा काही नाही. म्हणून आधी तेच बघू.

रियोकानमध्ये मुक्काम करणं वेगळं आणि तिथल्या सामायिक स्नानगृहात उतरणं वेगळं. मुक्कामाला आलात म्हणजे हौदात उतरलंच पाहिजे असं कुणी म्हणत नाही, कुणी विचारतही नाही. तातामीच्या चटयांची खोली, खिडकीबाहेरचा डोंगर, गेल्या गेल्या समोर येणारा हिरवा चहा, सावकाश एकेक करत वाढलं जाणारं जेवण, रात्री जमिनीवर घातलेल्या मऊ गाद्या, एवढ्यासाठीही लोक तिथे जातात. तेव्हा ‘तिथे गेल्यावर करावंच लागेल’ ही धास्ती आजच मनातून काढा.

तरी मी तुमच्या जागी असते तर त्या पाण्यात उतरल्याशिवाय परत आले नसते. हाकोने हा ज्वालामुखीचा मुलूख. ओवाकुदानीच्या दरीत आजही जमिनीतून गंधकाची वाफ निघताना दिसते, आणि या डोंगराच्या उष्णतेनं तापलेलं पाणी आसपासच्या गावांतल्या निवासांमध्ये खेळवलेलं असतं. आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीची किंवा कोकणातल्या तुरळ, राजवाडी, उन्हवऱ्याची कुंडं अशी ज्वालामुखीची नव्हेत. तिथे खोल भेगांत उतरलेलं पाणी तापून पुन्हा वर येतं. जपानात तर ओनसेनसाठी, म्हणजे अशा गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी, १९४८ सालापासून कायदाच आहे. पाणी उगमापाशी किमान २५ अंश सेल्सिअस तरी असावं, नाहीतर ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा त्यात ठरल्या प्रमाणात असावा, तरच त्याला ओनसेन म्हणता येतं. स्नानगृहात त्या पाण्याच्या तपासणीचा तक्ता लावलेला असतो : तापमान किती, आम्लता किती, क्षार कोणते, कोणत्या आजारात उतरू नये. तुमचा मुलगा वडिलांबरोबर आत जाईल तेव्हा त्याला तो आधी वाचायला सांगा. भाषांतर करणारं अ‍ॅप फोनमध्ये असेलच, पण आत फोन काढायचा नसतो, तेव्हा तक्त्यावर काय लिहिलंय ते काउंटरवरच विचारून घेतलेलं बरं.

स्विमिंग कॉस्च्यूम किंवा गाऊन घालून उतरू का, असं तुमच्या मनात येईल. नाही चालत. वज्रेश्वरीला आपण अंगावरच्या कपड्यांनिशी कुंडात उतरतो, तिकडे पाण्यात कपडा जाऊच देत नाहीत, कारण कपड्यातला साबण आणि मळ सगळ्यांच्या पाण्यात मिसळतो. हाकोनेत युनेस्सुन नावाचं एक मोठं ठिकाण आहे, तिथल्या एका भागात मात्र पोहण्याचे कपडे घालून, बायका-पुरुष-मुलं सगळ्यांना एकत्र पाण्यात जाता येतं. तो प्रकार जत्रेसारखा गजबजलेला असतो. कुटुंबाबरोबर मजा म्हणून ठीक, पण रियोकानमधल्या शांत स्नानाची सर त्याला नाही.

तुमच्यासाठी खरी वाट दुसरीच आहे. बऱ्याच रियोकानमध्ये ‘काशिकिरी’ स्नानगृह असतं. म्हणजे पाणी तेच, पण जागा ठरावीक वेळ फक्त तुमची. दार आतून बंद होतं. वेळ साधारण पाऊण तास ते तासभर असते. कुठे फुकट, कुठे वेगळे पैसे. काही ठिकाणी आधीच वेळ राखून ठेवावी लागते, काही ठिकाणी पोचल्यावर काउंटरवर नाव घालायचं. तिथे तुम्ही एकट्या जा, नाहीतर दोघं नवरा-बायको मिळून जा, कुणाची हरकत नसते. ह्यांच्या बीपीकडे तुमचं लक्ष राहील हा त्यातला आणखी एक फायदा. काही खोल्यांना तर स्वतःचंच उघड्यावरचं कुंड जोडलेलं असतं. ती खोली बरीच महाग पडते, पण तुमच्या दोघांपुरती खोली बदलून मिळत असेल आणि परवडत असेल तर मी म्हणेन, तेवढा एक खर्च करा. मुलाला आवडेल.

आता सुनेचं. ताई, मला वाटतं ही धाकधूक तुम्हाला एकटीलाच नाही. सासूबाईंसमोर कपडे काढायचे या कल्पनेनं तीही तिकडे निशी-कासाईत बसून घाबरलेली असण्याची पुरेपूर शक्यता आहे. बुकिंग करताना मुलाच्या हे डोक्यातही आलं नसेल, पण तिच्या आलं असणार. ती लहान, शिवाय सून, म्हणून ती बोलणार नाही. बोलायचं तुम्हीच. मुलाच्या मार्फत निरोप नको. तिला एकटीला फोन करा आणि सरळ सांगा : ‘मला तुझ्याबरोबर आंघोळीला संकोच वाटतो, तुलाही वाटत असेल. आपण वेगवेगळ्या वेळी जाऊ.’ एवढंच. त्यातून ती सुटकेचा नि:श्वास सोडेल किंवा हसून म्हणेल की आई, मला काहीच वाटत नाही. दोन्ही उत्तरं चांगलीच आहेत.

वेळा वाटून घेणं सोपं आहे. संध्याकाळी जेवणाआधी सामायिक स्नानगृहात बरीच वर्दळ असते, तेव्हा तिला जाऊ द्या. दुपारी तीनच्या सुमारास, खोल्या नुकत्याच मिळालेल्या असतात तेव्हा, किंवा पहाटे, हौद रिकामा मिळण्याची शक्यता जास्त. मात्र तुमचे गुडघे आणि ओली फरशी ध्यानात घेता पहिल्या वेळी अगदी एकट्या जाऊ नका. बाहेरच्या दालनात बहुतेक ठिकाणी खुर्च्या-बाकडी असतात, तिथे सून थांबेल. पंधरा मिनिटांचा तर प्रश्न.

आत काय होतं ते नीट सांगते, म्हणजे अनोळखी वाटणार नाही.

दारावर कापडी पडदे असतात. बायकांचा बहुधा लाल, पुरुषांचा बहुधा निळा, आणि त्यावर एकेक अक्षर. ज्या अक्षराच्या डोक्यावर चार खणांची चौकट आहे ते पुरुषांचं. हे ह्यांनाही सांगून ठेवा, कारण पुष्कळ ठिकाणी रात्रीतून दोन्ही बाजू आलटून-पालटून टाकतात. संध्याकाळी ज्या दारानं आत गेलो ते सकाळी बायकांचं झालेलं असतं. सवयीनं चालत जाऊ नका, प्रत्येक वेळी पडदा बघायचा.

पडद्यामागे कपडे बदलायची खोली. चपला बाहेर, कपडे टोपलीत, मौल्यवान वस्तू कुलुपाच्या खणात. मोठा टॉवेल इथेच ठेवायचा आणि हातभर लांबीचा छोटा टॉवेल तेवढा आत न्यायचा. जपानी बायका चालताना तोच पुढे धरतात. म्हणजे अगदीच उघडं-वाघडं वावरायचं असंही नसतं. सरकतं काचेचं दार उघडलं की वाफ आणि भिंतीच्या कडेनं बुटक्या नळांची रांग. प्रत्येक नळापाशी एक आरसा, एक हातातला शॉवर, एक छोटं स्टूल, एक पाण्याचं घमेलं, शाम्पू आणि साबणाच्या बाटल्या. इथे बसून आधी पूर्ण आंघोळ करायची, डोक्याचं तेल धुऊन टाकायचं, साबणाचा कण अंगावर राहता कामा नये. उभं राहून अंगावर पाणी घेऊ नका, शेजारणीवर उडतं. झालं की स्टूल आणि घमेलं स्वच्छ करून जागच्या जागी ठेवायचं.

या स्टुलावरच तुमची गुडघ्यांची पहिली परीक्षा आहे. ती फार बुटकी असतात. अनेक निवासांत आता उंच स्टुलं किंवा खुर्च्याही ठेवतात, पण त्या मागाव्या लागतात. मुलगा रियोकानला आधी पत्र पाठवेल, त्यात हेही लिहायला सांगा.

मग हौदाकडे. काठावर बसून पायांपासून वर वर थोडं थोडं पाणी अंगावर घ्यायचं म्हणजे शरीराला अंदाज येतो. केस वर बांधलेले हवेत, पाण्याला लागू द्यायचे नाहीत. छोटा टॉवेल घडी करून डोक्यावर किंवा काठावर. पाण्यात साबण नाही, अंग चोळणं नाही, पोहणं नाही, मोठ्यानं गप्पा नाहीत. आणि ज्याची तुम्हाला सर्वांत जास्त भीती वाटते ते तिथे होत नाही : कुणी बघत नाही. तिथे आज्या असतात, मुलींना घेऊन आलेल्या आया असतात, ऑपरेशनचे व्रण असलेल्या, वाकलेल्या, जाड, बारीक सगळ्या बायका असतात. लहानपणापासून हेच पाहिलेलं असल्यामुळे दुसरीच्या अंगाकडे टक लावून पाहणं हा तिथे मोठाच असभ्यपणा समजला जातो. नजर पाण्यावर किंवा बाहेरच्या झाडांवर.

बाहेर येताना दाराशीच छोट्या टॉवेलनं अंग निथळून घ्यायचं, कपड्यांच्या खोलीची फरशी ओली करायची नाही. त्वचा नाजूक नसेल तर नुसतं टिपून घ्या, पुन्हा साध्या पाण्यानं धुऊ नका, असं तिथले लोक सांगतात.

दागिन्यांबद्दल एक महत्त्वाचं. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते. म्हणजे जोडवी आणि पैंजण. हाकोनेत सगळीकडेच गंधकाचं पाणी नाही, गावागणिक वेगळं असतं, तेव्हा तुमच्या ठिकाणचं कसं आहे ते विचारून घ्या. जोडवी काढायची नसतील तर त्यावर घट्ट बसणारी प्लास्टर पट्टी लावा किंवा साध्या पाण्याचं स्नानगृह निवडा. मंगळसूत्र काढून ठेवायचं असेल तर ते टोपलीत न ठेवता खोलीतल्या तिजोरीत ठेवून मगच खाली या.

गोंदणाबद्दल तुम्ही ऐकलं ते खरं आहे. जपानात अंगभर गोंदवून घेण्याचा संबंध गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला गेला, म्हणून बऱ्याच स्नानगृहांत गोंदवलेल्या माणसाला मनाई असते. २०१३ साली न्यूझीलंडहून आलेल्या एका माओरी पाहुणीला तिच्या चेहऱ्यावरच्या पारंपरिक गोंदणामुळे होक्काइदो बेटावरच्या एका स्नानगृहात प्रवेश नाकारला गेला, आणि त्यावर जपानातच बरीच चर्चा झाली. परदेशी पाहुणे वाढल्यापासून अनेक ठिकाणी नियम सैल झालेत, लहान गोंदण पट्टीनं झाकलं तर चालतं. तुमच्या हातावरचं तुळस किंवा नाव एवढंच असेल तर त्वचेच्या रंगाची पट्टी पुरेल. पण न सांगता झाकून जाण्यापेक्षा आधी विचारलेलं चांगलं. काशिकिरी स्नानगृहात तर हा प्रश्नच उरत नाही. आणि निघण्याआधी सांगलीत कुणाच्या लग्नात हातभर मेंदी काढू नका. तीही गोंदणच वाटते.

ह्यांच्या बीपीबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. पाणी साधारण ४० ते ४२ अंश असतं. अंगावर तांब्यांनी घेतलं तर ते सोसवतं, पण गळ्यापर्यंत त्यात बसून राहिलं की रक्तवाहिन्या पसरतात, दाब उतरतो, आणि गोळी चालू असलेला माणूस चटकन उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी येते. नोव्हेंबरात हाकोनेची हवा गार असते. गार खोलीत कपडे काढून एकदम कढत पाण्यात जाण्यानं वयस्कर माणसांना दर हिवाळ्यात त्रास होतो, जपानात याबद्दल सतत सावध केलं जातं. तेव्हा निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना नेमकं विचारा : ‘४२ अंशाच्या पाण्यात बसलेलं चालेल का, किती वेळ?’ ते नको म्हणाले तर नको. हो म्हणाले तर पहिल्यांदा कमरेपर्यंतच, पाच मिनिटं, मग बाहेर येऊन बसायचं. जेवणानंतर लगेच नाही, साके किंवा बिअर घेतली असेल तर मुळीच नाही. आधी आणि नंतर पाणी प्यायचं. उठताना कठडा धरून, सावकाश. आणि एकटे नाही, मुलगा बरोबर हवाच. ह्यांना मधुमेहही असेल आणि पायांची संवेदना कमी झाली असेल तर पाणी किती कढत आहे ते पायाला कळत नाही, हाताने बघायचं.

गुडघ्यांची सोय सर्वांत सोपी, म्हणून थोडक्यात. तातामीच्या खोलीत बिनपायांच्या, पाठ टेकायच्या खुर्च्या असतात. त्या तुमच्या कामाच्या नाहीत. ‘पलंग असलेली खोली आणि जेवायला उंच टेबल-खुर्ची’ एवढं मागा. तातामी आणि पलंग दोन्ही असलेल्या खोल्या आता बऱ्याच रियोकानमध्ये असतात, आणि टेबल-खुर्चीवर वाढणारी भोजनगृहंही. तातामीचीच खोली मिळाली तर एकावर एक दोन गाद्या घालायला सांगा, उठताना तेवढाच आधार.

आता जेवण. इथे मात्र नुसतं ‘आम्ही व्हेज आहोत’ म्हणून भागणार नाही, हे मुलाला नीट समजावून सांगा. रियोकानचं भाडं खोलीचं नसतं, माणशी असतं, आणि त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरलेला असतो. त्या रात्री कोण पाहुणे आहेत ते बघून बाजार होतो, ताटं ठरतात. आयत्या वेळी शाकाहार सांगितला तर स्वयंपाकी बिचारा अवघडून जातो आणि तुमच्यापुढे भात, लोणचं आणि काकडी येते.

खरी गोम आहे दाशीत. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी. ते बहुतेक वेळा वाळवून तासलेल्या कात्सुओ माशाचं असतं. मिसो सूप त्यात, उकडलेल्या भाज्या त्यात, टेंपुराच्या भज्यांबरोबरचं बुडवायचं पाणी त्यात, तोफूवर ओतलेला रस्साही त्यातच. ताटात माशाचा तुकडा दिसत नाही आणि मासा असतो. जपानी माणसाला हे मांसाहारात मोडतं असं वाटतच नाही, त्यामुळे कुणी तुम्हाला फसवत नसतं, त्यांच्या लेखी ती भाजीच असते. म्हणून पत्रात सगळं सुटं सुटं लिहायचं : ‘मांस, मासे, कोळंबी-खेकडे, अंडं चालत नाही. माशाचं दाशीही चालत नाही. कोन्बु आणि वाळवलेल्या शिताकेचं दाशी चालेल. दूध चालतं.’ कोन्बु म्हणजे समुद्री शेवाळ, शिताके हे अळंबी. या दोहोंचं दाशी करण्याची बौद्ध मठांची जुनी परंपरा आहे, त्यामुळे जाणत्या स्वयंपाक्याला ते नवीन नसतं. तुम्ही कांदा-लसूण खात नसाल तर तेही लिहा. सून जपानी लिहू शकत असेल तर तिनंच लिहावं.

छोटी निवासं कधी कधी प्रांजळपणे कळवतात की आम्हाला हे जमणार नाही. ते उत्तर आधी मिळालेलं फार चांगलं. मग दोन मार्ग. एक, जेवणाविना मुक्काम. तो घेतलात तर खाणं वाटेत ओदावारा किंवा हाकोने-युमोतो स्टेशनवरूनच घेऊन जा, कारण डोंगरातल्या गावांत रात्री लवकर सामसूम होते. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, पण तो तुम्ही क्योतो-ओसाकाकडेही जाणार असाल तरच : कोयासान. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून रेल्वे आणि पुढे केबल कारनं वर जायचं. कूकाई नावाच्या भिक्षूनं ८१६ साली हे पर्वतावरचं मठांचं गाव वसवायला घेतलं, आणि आज तिथे पन्नासच्या आसपास मंदिरांत प्रवाशांना उतरता येतं. जेवण मठाचं : मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, कांदा-लसूणही नाही. तिळाचं तोफू, गोठवून वाळवलेलं कोया-तोफू, रानभाज्या. पहाटे प्रार्थनेला बसता येतं. ओकुनोइनच्या दफनभूमीत उंच उंच झाडांखाली हजारो समाध्या आहेत आणि त्यांतल्या अनेकांवर सिद्धम लिपीत संस्कृत बीजाक्षरं आहेत. आपल्याकडून चीनमार्गे गेलेली ती अक्षरं तिथे बघताना मला फार भरून आलं होतं. तिथेही स्नानगृह सामायिकच असतं आणि पाणी बहुधा साधं गरम केलेलं, हे लक्षात ठेवा.

हाकोनेलाच जाणं ठरलं तर सामानात मेतकुटाची पुडी टाका. तिथला भात मऊ, किंचित चिकट आणि फार चवदार असतो, त्यावर मेतकूट झकास लागतं. जेवण खोलीत लावत असतील तर खुशाल घ्या, भोजनगृहात असाल तर पुडी उघडण्याआधी विचारा. ताजी फळं, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या मात्र भारतातून नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

वेळेचं एक सांगायलाच हवं, कारण आपल्या लोकांची सर्वांत मोठी गफलत तिथे होते. दिवसभर रोपवे, जहाज, संग्रहालय असं सगळं उरकून रात्री आठला रियोकानवर पोचायचं आणि सकाळी आठला निघायचं, यात मुक्कामाचे पैसे पाण्यात जातात. खोली तीनच्या सुमारास मिळते, जेवण सहा-साडेसहाला असतं, आणि ते तुमच्यासाठी थांबत नाही. तोक्योतल्या शिंजुकू स्टेशनवरून रोमान्सकार गाडीनं साधारण दीड तासात हाकोने-युमोतो. पुढे डोंगर चढणारी छोटी रेल्वे आहे, १९१९ सालापासूनची, दिशा बदलत बदलत वर जाते. नोव्हेंबरात पानं लाल झालेली असतात आणि गर्दीही असते, तेव्हा सकाळीच निघा. मोठ्या बॅगा तोक्योतच ठेवा, एका रात्रीला पिशवी पुरते. तीनला पोचा. त्या दिवशी दुसरं काही बघायचं ठेवू नका, रियोकान हेच बघायचं आहे.

पोचल्यावर चपला दाराशी, हे आपल्या अंगवळणीच आहे. सपाता घालून बोळातून चालायचं, तातामीवर त्याही काढायच्या, आणि संडासाच्या सपाता वेगळ्या, त्या तिथेच सोडून यायच्या. खोलीत युकाता, म्हणजे पातळ सुती झगा, ठेवलेला असतो. तो घालून जेवायलाही जाता येतं. डावी बाजू उजवीवर यायला हवी, उलट फक्त मृताला नेसवतात. आत लेगिंग आणि बनियन घातलं तर कुणाला कळतही नाही, तेव्हा त्याचा संकोच नको. वाढणाऱ्या बाईंना टीप द्यायची पद्धत नाही. बिलात भाड्याशिवाय स्नान-कर म्हणून छोटी रक्कम दिसेल, बहुतेक ठिकाणी माणशी १५० येन.

आता तुमचं काम एवढंच. आज सुनेला फोन करा, आणि याच आठवड्यात मुलाकडून रियोकानला एक पत्र जाऊ द्या : दाशीसकट सगळं जेवण, पलंग आणि टेबल-खुर्ची, स्नानगृहात उंच स्टूल, हातावरचं लहान गोंदण, गंधकाचं पाणी आहे का, आणि काशिकिरीची वेळ कशी ठरवायची. मुक्काम जवळ आला की बुकिंग रद्द करायला पैसे कापतात, म्हणून उत्तर लवकर मागवा. नाही म्हणाले तर बदलायला अजून हातात दिवस आहेत.